पाहणारे डोळे, लक्ष देणारे मन
अवधानाच्या शास्त्रातील उच्च शिक्षण आणि जैन कुटुंबापुढील तीन प्रश्न

सकाळचे सामायिक आटोपले की घरातील आजी तांदळाचे ताट पुढ्यात घेऊन खिडकीपाशी बसते. काळा खडा असेल तर तो ताट पसरताक्षणीच नजरेत भरतो. त्याला शोधावे लागत नाही. पांढरा खडा मात्र बोटाने दाणा दाणा सरकवल्याखेरीज हाती लागत नाही. एखादा टोका निश्चल पडून असेल तर तो निसटू शकतो. पण तो जरा चालू लागला की आजीचे बोट तत्क्षणी तेथे पोहोचते आणि तो जीव हलकेच उचलून सुरक्षित जागी ठेवला जातो. जीवदयेपोटी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले हे काम. डोळे तेच, ताट तेच, उजेडही तोच. तरीही एक वस्तू आपोआप दिसते आणि दुसरी शोधूनही सापडत नाही, असे का व्हावे?

हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही. त्याच्या उत्तरासाठी जगातील अनेक विद्यापीठांत तरुण संशोधक आयुष्याची पाच-सहा वर्षे वेचतात. कॉग्निटिव्ह न्यूरोसायन्स, म्हणजे मनाच्या ज्ञानव्यापारांचा मेंदूच्या अंगाने केलेला अभ्यास, हे त्या विद्याशाखेचे नाव. आणि दृश्य अवधान, म्हणजे दिसणाऱ्या असंख्य गोष्टींतून काहींचीच निवड करण्याची मनाची शक्ती, हा तिचा एक प्रमुख विभाग.

एखाद्या व्यापारी घरातील पदवीधर मुलीने जेवणाच्या वेळी या विषयात एम.एस्सी. आणि पुढे पीएच.डी. करण्याचा मनोदय बोलून दाखवला, तर घरात तीन प्रश्न उभे राहतात. काका विचारतात, ‘हे शास्त्र आहे तरी काय?’ आजी विचारते, ‘त्यात मुक्या जिवांना त्रास देतात ना?’ आणि वडील, काही न बोलता, मनातल्या मनात जमाखर्च मांडू लागतात. तिन्ही प्रश्न रास्त आहेत. तिन्हींची उत्तरे शांतपणे शोधली पाहिजेत.

खडा का दिसतो?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर एका विदुषीच्या चरित्रातून चांगले उलगडते. अ‍ॅन ट्रिझमन यांचा जन्म १९३५ साली इंग्लंडमधील यॉर्कशायर परगण्यात वेकफील्ड येथे झाला. केंब्रिज विद्यापीठात त्यांनी प्रथम फ्रेंच भाषा-साहित्याचा अभ्यास केला, त्यात उत्तम यश मिळवले आणि मग वाट बदलून त्या मानसशास्त्राकडे वळल्या. १९६२ साली ऑक्सफर्ड विद्यापीठातून त्यांनी डॉक्टरेट मिळवली. त्यांच्या प्रबंधाचा विषय होता निवडक श्रवण. दोन कानांत दोन वेगवेगळे संदेश ऐकू येत असता माणूस एकाचाच मागोवा कसा घेतो, आणि दुसऱ्यातील काय काय तरीही मनात शिरते, याचा तो शोध होता. भरबाजारात दहा जणांचा गलबला चालू असताना गल्ल्यावरचा शेठ एकाच गिऱ्हाइकाशी भाव ठरवतो, पण पलीकडे कोणी त्याचे नाव घेतले की कान टवकारतो. तसाच हा अनुभव.

पुढे ट्रिझमन दृष्टीकडे वळल्या. १९८० साली त्यांनी गॅरी जेलाड यांच्यासह एक सिद्धान्त मांडला. त्याचा मथितार्थ असा : डोळ्यांपुढील दृश्यातील रंग, दिशा, हालचाल यांसारखी सुटी वैशिष्ट्ये मेंदू एकाच वेळी, सर्व क्षेत्रभर, विनासायास टिपतो. म्हणून हिरव्या ठिपक्यांतील एक लाल ठिपका शोधायला, ठिपके पाच असोत की पन्नास, वेळ जवळपास सारखाच लागतो. परंतु लाल उभी रेघ शोधायची असेल आणि भोवती लाल आडव्या व हिरव्या उभ्या रेघा विखुरल्या असतील, तर केवळ रंग किंवा केवळ दिशा पाहून भागत नाही. दोहोंची सांगड घालावी लागते. ही सांगड घालण्याचे काम अवधानाचे. ते एकेका जागेवर जाऊन करावे लागते, आणि म्हणून रेघांची संख्या वाढेल तसा वेळही वाढत जातो.

तांदळातील काळा खडा आणि चालणारा टोका आजीला का शोधावा लागत नाही, हे येथे स्पष्ट होते. रंग आणि हालचाल स्वतःहून पुढे येतात. पांढरा खडा मात्र दाण्याशी इतका मिळताजुळता असतो की तेथे अवधानाला दारोदार फिरावे लागते. या सिद्धान्तात पुढे इतरांनी पुष्कळ दुरुस्त्या केल्या. तथापि चाळीसहून अधिक वर्षांनंतरही या विषयाचा विद्यार्थी आपला अभ्यास येथूनच सुरू करतो. ट्रिझमन पुढे कॅनडा व अमेरिकेतील विद्यापीठांत अध्यापक झाल्या आणि अमेरिकेचे राष्ट्रीय विज्ञान पदक त्यांना लाभले. २०१८ साली त्यांचे निधन झाले. त्यांचे पती डॅनियल कानेमन हेही मानसशास्त्रज्ञ. माणूस नफ्या-तोट्याचे निर्णय प्रत्यक्षात कसा घेतो यावरील कार्यासाठी त्यांना २००२ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. पण त्याआधी, १९७३ साली, त्यांनीही अवधानावरच एक महत्त्वाचा ग्रंथ लिहिला होता.

डोळ्यांसमोर असून न दिसणे

अवधान निवड करते याचा दुसरा अर्थ असा की ते उरलेले सोडून देते. १९९९ साली डॅनियल सायमन्स आणि ख्रिस्तोफर शॅब्रिस यांनी केलेला प्रयोग आता जगप्रसिद्ध आहे. चेंडू एकमेकांकडे फेकणाऱ्या खेळाडूंची चित्रफीत दाखवून त्यांनी प्रेक्षकांना एका संघाच्या फेकी मोजण्यास सांगितले. मध्येच गोरिलाचा वेश केलेली व्यक्ती खेळाडूंमधून चालत गेली. मोजण्यात गढलेल्या प्रेक्षकांपैकी सुमारे निम्म्यांना ती दिसलीच नाही.

हे अनाडी माणसाचेच होते असेही नाही. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २४ अनुभवी रेडिओलॉजिस्टना फुप्फुसांच्या सीटी स्कॅनमध्ये गाठी शोधण्यास सांगितले होते. शेवटच्या स्कॅनमध्ये गोरिलाचे छोटे चित्र बेमालूम बसवले होते. नेहमीच्या गाठीच्या ४८ पट मोठे. २४ पैकी २० तज्ज्ञांना ते दिसले नाही. नजरेचा माग घेणाऱ्या यंत्राने दाखवले की त्यांतील बहुतेकांची नजर थेट त्या चित्रावर जाऊन आली होती. नजर पोहोचली, मन पोहोचले नाही.

व्यापाऱ्याला आणि रोखपालाला याहून जवळचा वाटेल असा निष्कर्ष २००५ साली जेरेमी वुल्फ व सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केला. सामानाच्या तपासणीसारख्या चित्रांत ठरावीक वस्तू शोधण्याचे काम त्यांनी लोकांना दिले. दर दोन चित्रांमागे एकात ती वस्तू असे, तेव्हा ती निसटण्याचे प्रमाण ७ टक्के होते. तीच वस्तू शंभरात एखाद्याच चित्रात ठेवली, तेव्हा हे प्रमाण ३० टक्क्यांवर गेले. जे क्वचित आढळते ते अधिक निसटते, कारण ‘नाही’ म्हणण्याची सवय मनाला लागते. नोटांच्या बंडलातील एखादी बनावट नोट, कापडाच्या शेकडो ठाणांतील एक डागी ठाण, वर्षभराच्या खतावणीतील एक चुकीची रक्कम, हे सारे याच जातीचे. नजरचुकीबद्दल नोकरावर संतापण्याआधी मालकाने हे जाणून घेणे त्याच्याच हिताचे. तपासणाऱ्याला अधूनमधून विसावा देणे, किंवा एकाचे काम दुसऱ्याने पुन्हा पाहणे, हे उपाय रागावण्यापेक्षा शहाणपणाचे होत.

अर्धे जग हरवते तेव्हा

या शास्त्राचे खरे मोल रुग्णशय्येपाशी कळते. मेंदूच्या उजव्या भागात पक्षाघाताचा आघात झाल्यावर काही रुग्णांच्या बाबतीत विलक्षण गोष्ट घडते. ते ताटातील उजव्या अर्ध्यातलेच अन्न खातात आणि पोट भरले नाही म्हणून तक्रार करतात. दाढी एकाच गालाची करतात. डावीकडून बोलणाऱ्या मुलाकडे पाहत नाहीत. त्यांचे डोळे शाबूत असतात. हरवलेले असते ते डाव्या बाजूचे अवधान.

इटलीतील बिझियाक आणि लुत्साती या संशोधकांनी १९७८ साली मिलान शहरातील अशा दोन रुग्णांना तेथील परिचित कॅथेड्रल चौकाचे मनातल्या मनात वर्णन करण्यास सांगितले. एका टोकाला उभे असल्याची कल्पना केली तेव्हा त्यांनी उजव्या हाताच्या इमारती सांगितल्या, डावीकडच्या गाळल्या. मग समोरच्या टोकाला उभे असल्याची कल्पना करावयास सांगताच, आधी गाळलेल्या इमारती त्यांनी सांगितल्या आणि आधी सांगितलेल्या गाळल्या! स्मरणात सर्व काही होते. अवधान फक्त अर्ध्यावर पडत होते.

ज्या घरात असा आजार आला असेल, त्या घराला या अभ्यासाचा उपयोग वेगळा सांगावा लागणार नाही. ‘आजोबा मुद्दाम दुर्लक्ष करतात’ असे वाटून दुखावलेली सून, हा मेंदूचा दोष आहे असे कळल्यावर ताट थोडे उजवीकडे सरकवते आणि औषधाची वाटी उजव्या हाताशी ठेवते. ज्ञानाने करुणेला दिशा मिळते, ती अशी.

विद्यार्थी प्रत्यक्षात करतो काय?

या विषयाचा विद्यार्थी बहुतांश वेळ संगणकापुढे असतो. प्रयोग रचणे, पडद्यावर आकृत्या नेमक्या किती सहस्रांश सेकंद दिसाव्यात याची आज्ञावली लिहिणे, स्वयंसेवकांना बोलावणे, त्यांची लेखी संमती घेणे, आणि नंतर महिनोन्‌महिने आकडेवारीचे पृथक्करण करणे, असा हा क्रम. संख्याशास्त्राची गोडी येथे अत्यावश्यक; हिशेबाच्या घरात वाढलेल्या मुलांना ती परकी वाटू नये.

साधने मुख्यतः तीन. नजरमापक यंत्र बुबुळाच्या हालचाली टिपते. ईईजी यंत्रात डोक्यावर टोपी चढवून तिच्यातील इलेक्ट्रोडद्वारे मेंदूचे सूक्ष्म विद्युत्‌प्रवाह मोजतात. अवधान डावीकडे वळले की उजवीकडे, हे चित्र दिसल्यापासून पाव सेकंदाच्या आत त्यातून ओळखता येते. एफएमआरआय यंत्र मेंदूतील रक्तातील प्राणवायूचे बदल टिपून कोणता भाग कामाला लागला ते दाखवते. ईईजी वेळ अचूक सांगते, जागा नाही. एफएमआरआय जागा सांगते, पण त्याची गती सेकंदांची. दोन वेगवेगळ्या वह्यांचा ताळा घ्यावा तसा या दोहोंचा ताळा संशोधकाला घ्यावा लागतो.

हिंसेचा प्रश्न

आता आजीचा प्रश्न. त्याला बगल देणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. अवधानाविषयीचे काही पायाभूत ज्ञान प्राण्यांवरील प्रयोगांतून आले आहे. १९८५ साली मोरन व डेझिमोन यांनी माकडांच्या मेंदूतील एकेका पेशीचे मापन करून दाखवले की लक्ष जिकडे असेल त्याप्रमाणे पेशीचा प्रतिसाद बदलतो. अशा प्रयोगांत प्राण्याच्या मेंदूत सूक्ष्म तारा बसवाव्या लागतात. आजही परदेशात आणि भारतातही काही प्रयोगशाळांत असे काम चालते. प्राण्यांवरील क्रूरतेस प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यान्वये नेमलेली समिती त्यावर देखरेख ठेवते. पण देखरेख म्हणजे अहिंसा नव्हे.

तथापि याच शास्त्राची दुसरी बाजू तितकीच विस्तृत आहे. वर उल्लेखिलेले ट्रिझमन, सायमन्स, वुल्फ आणि बिझियाक यांचे प्रयोग मानवी स्वयंसेवकांवर व रुग्णांवर, कोणतीही इजा न करता झालेले आहेत. पीएच.डी.चा संपूर्ण प्रबंध केवळ मानवी प्रयोगांवर किंवा संगणकीय प्रतिमानांवर उभा राहू शकतो. असे प्रबंध दरवर्षी मोठ्या संख्येने होतात.

श्रावकाचारात संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी असे हिंसेचे चार प्रकार मानले असून गृहस्थाने संकल्पी हिंसेचा त्याग करावा असे सांगितले आहे. ठरवून केलेला प्राणिप्रयोग यांपैकी कशात मोडतो, यावर मतभेद होऊ शकतील. परंतु जेथे शंका आहे तेथून दूर राहणे हा श्रावकाचा सरळ मार्ग होय. त्याहून कठीण प्रश्न कृत, कारित आणि अनुमोदित या त्रयीचा आहे. स्वतः प्रयोग न करता दुसऱ्याने माकडांवर केलेल्या प्रयोगाची आकडेवारी वापरली, तर ते अनुमोदन होते काय? याचे उत्तर प्रत्येक कुटुंबाने आपल्या गुरूंशी विचारविनिमय करून ठरवावे. हाच प्रश्न घरातील औषधांच्या कपाटापुढेही उभा असतो, याचे भान मात्र ठेवावे.

व्यवहारात विद्यार्थ्याने प्रवेश घेण्यापूर्वीच मार्गदर्शक प्राध्यापकांना तीन गोष्टी स्पष्ट विचाराव्यात : प्रयोगशाळेत प्राण्यांवर काम होते काय, होत असल्यास त्यापासून पूर्णपणे अलिप्त राहण्याची मुभा आहे काय, आणि अभ्यासक्रमातील कोणत्याही सक्तीच्या प्रात्यक्षिकात प्राणी वापरले जातात काय. हे विचारण्यात संकोच नसावा. सिद्धान्तासाठी नम्रपणे विचारलेल्या प्रश्नाचा कोणताही चांगला गुरू अनादर करीत नाही. प्रवेशानंतर दोन वर्षांनी मन पोखरत बसण्यापेक्षा आधी विचारलेले केव्हाही बरे.

जमाखर्च

राहिला वडिलांचा प्रश्न. भारतात अलाहाबाद विद्यापीठात २००२ पासून या विषयाचे स्वतंत्र केंद्र आहे. बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था व निम्हान्स, हरियाणातील मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र, हैदराबाद विद्यापीठ, तसेच गांधीनगर व कानपूर येथील आयआयटी, येथेही मेंदूविज्ञानाचे किंवा बोधविज्ञानाचे अध्ययन-संशोधन होते. मानसशास्त्र, जीवशास्त्र, भौतिकी, गणित, अभियांत्रिकी अशा विविध शाखांतून विद्यार्थी या विषयाकडे येतात. प्रत्येक संस्थेची पात्रता निराळी असल्याने त्या त्या वर्षीचे माहितीपत्रक पाहूनच निर्णय घ्यावा.

एम.एस्सी.ची दोन वर्षे घरखर्चाची. पीएच.डी.साठी राष्ट्रीय परीक्षेतून कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती मिळाल्यास, १ जानेवारी २०२३ पासूनच्या दरानुसार, पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये आणि पुढे ४२,००० रुपये मिळतात. घरभाडे भत्ता वेगळा. पाच वर्षांची बेरीज २४ लाख होते. अमेरिकेतील अनेक विद्यापीठे पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांना शुल्कमाफी आणि निर्वाहवेतन देतात. तेथील स्वखर्चाच्या पदव्युत्तर पदवीशी त्याची गल्लत करू नये. कर्ज काढून जाणे आणि शिष्यवृत्तीवर जाणे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

नावेची बाजूही मांडली पाहिजे. त्याच पाच वर्षांत पेढीवर बसलेला चुलतभाऊ कितीतरी पुढे गेलेला दिसेल. प्राध्यापकाच्या जागा थोड्या आणि उमेदवार पुष्कळ, अशी स्थिती जगभर आहे. जमेच्या बाजूला पक्षाघातग्रस्तांचे पुनर्वसन, वाहने व विमाने यांची सुरक्षितता, संगणकीय पडद्यांची रचना आणि विदाविश्लेषण ही क्षेत्रे आहेत. तेथे प्रयोग रचण्याचे व आकडे पारखण्याचे कौशल्य कामी येते. ज्या विद्यार्थ्याला केवळ पदवीचे वलय हवे आहे त्याने या वाटेला जाऊ नये. वर्षभर खपून केलेला प्रयोग निष्फळ ठरला तरी दुसऱ्या दिवशी नव्या उमेदीने वही उघडणारा जो असेल, त्याच्यासाठी हा सौदा तोट्याचा नाही.

जुनी ठेव

जैन परंपरेला हा विषय सर्वस्वी नवा नाही. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात मतिज्ञानाचे अवग्रह, ईहा, अवाय आणि धारणा असे चार टप्पे सांगितले आहेत : आधी अस्फुट ग्रहण, मग ‘हे काय असावे’ ही जिज्ञासा, मग निश्चय आणि शेवटी ते मनात टिकणे. आधुनिक शास्त्रही दिसण्यापासून ओळखण्यापर्यंत टप्पे मानते. ही तुलना उद्बोधक आहे; पण एकाने दुसऱ्याला सिद्ध केले असे म्हणणे दोहोंवरही अन्याय करणारे आहे. एकाचे प्रयोजन मोक्षमार्ग, दुसऱ्याचे प्रयोजन मापन.

श्रीमद् राजचंद्र यांनी विशीच्या सुमारास मुंबईत फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्ये शतावधानाचा प्रयोग करून सभा थक्क केली होती. १८९१ साली इंग्लंडहून परतलेल्या गांधीजींनीही त्यांना अनेक भाषांतील शब्द ऐकवून पाहिले. राजचंद्रांनी ते त्याच क्रमाने पुन्हा म्हणून दाखवले. आजचे प्रयोग सांगतात की सामान्य माणूस एका वेळी तीन-चार वस्तूंवरच लक्ष टिकवू शकतो. त्या पार्श्वभूमीवर शतावधान ही किती दुर्मीळ सिद्धी होती, हे ध्यानी येते. मात्र याच हिरे-मोत्यांच्या व्यापाऱ्याने ऐन बहरात ते जाहीर प्रयोग सोडून दिले. लक्ष किती ठिकाणी देता येते यापेक्षा ते कोठे द्यावे, हा प्रश्न त्यांना मोलाचा वाटला.

साधू-साध्वी ईर्यासमिती पाळतात, म्हणजे पुढील जमिनीवर दृष्टी ठेवून, जीव पायाखाली येणार नाही अशा बेताने पावले टाकतात. गोरिलाच्या प्रयोगाने जे दाखवले ते त्या आचारामागे गृहीतच आहे : ज्याकडे लक्ष नाही ते दिसत नाही, आणि जे दिसत नाही त्याची दया येत नाही.

तेव्हा त्या मुलीला एकदम हो किंवा नाही म्हणण्याआधी घरच्यांनी तिला एक दिवस आजीच्या शेजारी, तांदळाच्या ताटापाशी बसवावे आणि काळा खडा आधी का दिसतो ते समजावून सांगायला लावावे. ते तिला आजीला पटेल अशा भाषेत सांगता आले, आणि टोका दिसताच तिचा हात आजीइतक्याच हळुवारपणे पुढे झाला, तर तिची तयारी झाली आहे असे समजण्यास हरकत नाही.